निवृत्तीनंतर वाळवंटात राहणाऱ्या जोडप्याचा दिवस जातो कसा? तिथे फिरायला काय असतं आणि छंद तरी कसले जोपासणार?

आम्ही दोघं निवृत्तीनंतर अ‍ॅरिझोनातल्या टूसॉनला राहतो. गाव सोनोरन वाळवंटात आहे, त्यामुळे इथलं सांगते. वाळूच्या टेकड्या डोळ्यांपुढे आणत असाल तर त्या बाजूला ठेवा. इथे डोंगर आहेत, काटेरी झाडं आहेत आणि पक्षी तर भरपूर.

आधी दिवसाची घडी बदलावी लागते. जूनमध्ये पारा चाळिशीच्या आसपास जातो आणि सूर्य सव्वापाचला उगवतो. म्हणून झुंजुमुंजू झालं की बूट घालायचे आणि आठच्या आत घरी परतायचं. आमचं नेहमीचं ठिकाण म्हणजे साबिनो कॅन्यन ही डोंगरातली दरी. आत खासगी गाड्या नेता येत नाहीत, त्यामुळे रस्ता निवांत असतो. पाय दुखत असतील तर विजेवर चालणारी बस मिळते. परत आल्यावर सातला भारतात फोन लावला की तिकडे संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. अ‍ॅरिझोनात उन्हाळ्यासाठी घड्याळं पुढे करत नाहीत, म्हणून ही वेळ बारा महिने तीच राहते. आम्हाला याचं फार अप्रूप आहे.

माझा जीव जडलाय तो सग्वारोवर. हा खांबासारखा उंच निवडुंग इतका सावकाश वाढतो, की पहिला फाटा फुटायला बहुधा पन्नास ते पंचाहत्तर वर्षं लागतात. त्याच्या खोडात गिला सुतारपक्षी भोक पाडतो, पण लगेच राहायला जात नाही. आतला ओला गर वाळून कडक व्हायला काही महिने जातात, मग घरटं होतं. पुढे त्याच भोकात कधी चिमुकलं एल्फ घुबड येऊन राहतं. मे महिन्यात शेंड्यावर पांढरी फुलं येतात, रात्री उमलतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मिटतात. भल्या सकाळी दुर्बीण लावली की पांढऱ्या पंखांचे होले त्यात मान खुपसून बसलेले दिसतात, आणि मान वर काढली की चोचीभोवती पिवळे परागकण माखलेले असतात. मी रोज दिसलेले पक्षी ई-बर्डवर, म्हणजे पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर, नोंदवते. हा छंद मला इथेच लागला.

ह्यांचा छंद दुपारचा. गॅरेजमध्ये टंबलर, म्हणजे दगड घासणारं फिरतं पिंप, ठेवलाय, त्यात अकीक आणि जॅस्पर या रंगीत दगडांचे खडबडीत तुकडे घासून गुळगुळीत करतात. घासायच्या भरड पुडीपासून पॉलिशपर्यंत चार टप्पे असतात आणि एकेका टप्प्याला आठवडाभर सहज लागतो. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत गावात रत्नं आणि खनिजांची प्रदर्शनं भरतात. तेव्हा ह्यांना घरी शोधू नये! एक मात्र लक्षात ठेवा, सग्वारो नॅशनल पार्कमधून साधा दगडही उचलायचा नाही, कायद्याने मनाई आहे.

उन्हाचा कंटाळा आला की माउंट लेमनवर जातो. गाव साधारण ७३० मीटर उंचीवर, तर शिखर जवळजवळ २८०० मीटरवर. तासाभराच्या घाटात निवडुंग मागे पडून पाइन लागतात आणि वर हवा पंधराएक अंशांनी गार असते.

जुलैत पाऊस येतो. क्रिओसोटची झुडपं भिजली की जो वास सुटतो, त्यासाठी आम्ही दोघं अंगणात खुर्च्या टाकून बसतो. पण कोरडे ओढे पाहता पाहता भरतात, त्यात गाडी घालू नका. अडथळा ओलांडून गेलात आणि अडकलात तर सुटकेचा खर्च तुमच्याकडून वसूल करता येतो, असा राज्याचा कायदाच आहे.

हिवाळा बाहेर फिरण्याचा. व्हाइटवॉटर ड्रॉ या पाणथळ जागी हजारो सँडहिल क्रौंच उतरतात. गाडीने दोनेक तासांवर आहे, पण तो कलकलाट एकदा तरी ऐकाच. रात्री आकाश बघायचं. इथे दुर्बिणींच्या वेधशाळांसाठी १९७२ पासून बाहेरच्या दिव्यांवर नियम आहेत, त्यामुळे गावाबाहेर थोडं गेलं तरी आकाशगंगा स्वच्छ दिसते.

खर्चाचं म्हणाल तर ६२ पूर्ण झालेल्या अमेरिकी नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना राष्ट्रीय उद्यानांचा तहहयात पास ८० डॉलरला मिळतो. जिथे गाडीमागे शुल्क असतं तिथे बरोबरच्यांचाही प्रवेश त्यात होतो.

गाडी चालवता येत नसेल तर मात्र मी हे ठिकाण सुचवणार नाही. वर सांगितलेली बरीच ठिकाणं बसने गाठता येत नाहीत. आणि दोघांनाही एकेक घरात बसून करायचा छंद हवा, नाहीतर उन्हाळ्याच्या दुपारी एकमेकांवर चिडचिड होते. घर घ्यायचा विचार असेल तर फेब्रुवारीतली हवा पाहून ठरवू नका. जूनमध्ये महिनाभर भाड्याने राहा, मग ठरवा.