शहरातले रस्ते खासगी कंपनीकडे देखभालीला दिले तर खड्डे कमी होतील का?

होऊ शकतात, पण ते करारात काय लिहिलंय आणि पैसा कुणाच्या खिशातून जातोय यावर अवलंबून आहे.

कोल्हापूरच घ्या. शहरातले सुमारे ५० किलोमीटर रस्ते बीओटीवर झाले, म्हणजे कंपनीने स्वतःच्या पैशाने बांधायचे आणि खर्च लोकांकडून वसूल करायचा; त्या वसुलीसाठी ३० वर्षांचा टोल. रोज दूध आणायला जाणाऱ्याने गावातल्या गावात टोल भरायचा? प्रा. एन. डी. पाटलांसारखी माणसं रस्त्यावर उतरली, २०१४ मध्ये नाके जळाले आणि शेवटी सरकारला टोल बंद करावा लागला.

टोल नसला म्हणजे प्रश्न सुटतो असंही नाही. ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅमने २०१० मध्ये रस्ते, दिवे, पदपथ २५ वर्षांसाठी एमी कंपनीला दिले, पैसे पालिकाच देणार होती. पुढे रस्त्यांच्या मूळ माहितीतल्या चुकांवरून, नक्की काय दुरुस्त करायचं यावर भांडण थेट कोर्टात गेलं. २०१८ मध्ये अपील न्यायालयाचा निकाल पालिकेच्या बाजूने लागला. करारातून सुटण्यासाठी कंपनीने २१५ दशलक्ष पौंड कबूल केले.

म्हणून माझं मत: आधी प्रत्येक रस्त्याची नीट मोजणी करा, बिल रस्त्याच्या स्थितीनुसार द्या, खड्डा ठरल्या मुदतीत बुजला नाही तर पैसे कापा. आणि ते तपासायला पालिकेचे स्वतःचे इंजिनिअर ठेवा. कंत्राटदाराच्याच अहवालावर बिलं निघत असतील तर कंपनी कुठलीही आणा, खड्डे तेच राहतील.