फोल यंत्र घेण्याआधी

ठाण्यात नवा दवाखाना थाटताय आणि फोल पद्धतीचं यंत्र घ्यायचं म्हणताय, तर आधी हे पक्कं ध्यानात ठेवा: 1950च्या दशकात जर्मन डॉक्टर राइनहोल्ड फोल यांनी आणलेली ही पद्धत ॲक्युपंक्चरच्या बिंदूंवर त्वचेचा विद्युतरोध मोजते आणि त्यावरून अवयवांची स्थिती कळते असा दावा करते; पण मोजली जाते ती त्वचा, यकृत किंवा स्वादुपिंड नाही. पट्टी 0 ते 100, त्यात 50 म्हणजे 'संतुलित' असं मानतात.

रुग्णाच्या एका हातात पितळी नळी, दुसऱ्या हाताच्या बोटावर टोकदार प्रोब. प्रोब जरा जोरात दाबला की काटा चढतो; तिरका धरला तरी आकडा बदलतो. जुलैत लोकलमधून घामाघूम आलेल्या माणसाला लगेच यंत्र लावलंत, तर सगळेच बिंदू वर दिसणार! 10 मिनिटं पंख्याखाली बसू द्या, हात कोरडे पुसा. मग एकच बिंदू 5 वेळा मोजा. काटा तुम्ही बघू नका, आकडे दुसऱ्याला टिपू द्या. एकदा 50 आणि एकदा 70 आलं, तर औषध कशावर ठरवणार?

हातात दांडी धरली की शरीराचा अहवाल देतं असं सांगून विकतात, त्या 'क्वांटम' ॲनालायझर यंत्राचीही परीक्षा घ्या: दांडी ओल्या फडक्यात गुंडाळा आणि तरीही अहवाल छापून येतो का ते विक्रेत्यासमोरच बघा. पेसमेकर असलेल्याला यंत्र लावूच नका. साखरेची शंका असेल तर सरळ लॅबमध्ये पाठवा, आणि चालू गोळ्या काट्यावरून कधीच बंद करू नका.