हिरे, तेल, खनिजं असलेले देश गरीबच का राहतात? आफ्रिकेच्या दक्षिणेतला बोट्स्वाना खरंच अपवाद आहे का?

अपवाद आहे, पण सांगितला जातो तितका गोडगोड नाही. आधी एक उलटं उदाहरण देतो, म्हणजे फरक चटकन कळेल.

नाउरू हे पॅसिफिकमधलं जेमतेम २१ चौरस किलोमीटरचं बेट, खतांना लागणाऱ्या फॉस्फेटने भरलेलं. १९६८मध्ये ते स्वतंत्र झालं, दोन वर्षांत खाणी स्वतःच्या ताब्यात आल्या आणि काही हजार माणसांकडे धो धो पैसा यायला लागला. प्राप्तिकर नाही. मेलबर्नमध्ये स्वतःची ५२ मजली इमारत, स्वतःची विमान कंपनी. १९९३मध्ये तर लिओनार्दो दा विंचीवरच्या संगीतनाटकासाठी लंडनमध्ये पैसे लावले, ते सपशेल पडलं. आणि पुढच्या पिढ्यांसाठी ट्रस्टही होता, बरं का! 'एक फंड काढा म्हणजे झालं' म्हणणाऱ्यांना मी हेच दाखवतो. फंड होता, त्याचा हिशोब मागणारं कोणी नव्हतं. २००४मध्ये कर्जापायी इमारत विकली गेली, २००५च्या डिसेंबरात उरलेलं एकुलतं एक विमान सावकारांनी उचलून नेलं. बसून खाल्लं तर डोंगरही पुरत नाही म्हणतात. इथे खरोखरच बेटाच्या मधलं पठार खाऊन संपलं, चुनखडीचे सुळके तेवढे उरले.

आता बोट्स्वाना. १९६६मध्ये स्वातंत्र्य मिळालं तेव्हा अख्ख्या देशात १२ किलोमीटर डांबरी रस्ता होता. उत्पन्न म्हणजे गुरं, आणि तीही दुष्काळात मरत होती. पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा हे बांग्वाटो जमातीच्या गादीचे वारस. इंग्रज मुलीशी लग्न केलं म्हणून ब्रिटिशांनी त्यांना काही वर्षं देशाबाहेर ठेवलं होतं. गादीवरचा हक्क सोडून ते परतले होते.

१९६७मध्ये त्यांच्या सरकारने कायदा केला: जमिनीखालची खनिजं जमातींची नाहीत, देशाची. त्याच वर्षी ओरापाला हिरे सापडले, आणि ओरापा होतं बांग्वाटोंच्याच मुलखात! म्हणजे या कायद्याने सगळ्यात जास्त सोडलं ते राष्ट्राध्यक्षांच्या स्वतःच्या माणसांनी. मग बाकीच्यांना भांडायला तोंडच उरलं नाही. खाण सुरू झाली १९७१मध्ये, म्हणजे वाटणी आधी ठरली आणि पैसा नंतर आला. माझ्या मते सगळी मेख इथे आहे. नायजेरियात १९५६मध्ये तेल सापडलं, आणि ते जिथे निघतं त्या नायजर डेल्टातला वाटा कोणाचा यावरून पुढे किती रक्त सांडलं ते वेगळं सांगायला नको.

पुढचं कामही चिवटपणे केलं. हिऱ्यांच्या धंद्यातली बडी कंपनी डी बिअर्स, तिच्याबरोबर काढलेल्या खाण कंपनीत सरकारचा हिस्सा आधी १५ टक्के होता, तो १९७५मध्ये ५० टक्क्यांवर नेला. राष्ट्रीय विकास आराखड्यात नसलेल्या प्रकल्पावर संसदेला न विचारता खर्च करायचा नाही असा नियम केला. नियम रटाळ आहे, पण मंत्र्याला सकाळी सुचलेला विमानतळ संध्याकाळी मंजूर होत नाही तो अशा नियमांमुळेच.

'कर नाही म्हणून जबाबदारी नाही' हे कारण बरेच जण देतात. नाउरूला ते फिट्ट बसतं. तिथे पहिला प्राप्तिकर लागला तोच २०१४मध्ये. पण बोट्स्वानाची तिजोरीही मुख्यतः हिरे आणि सीमाशुल्कावरच चालली, तरी लूट झाली नाही. त्यामुळे हे कारण मला अर्धंच पटतं. सत्तेतली मंडळी स्वतः मोठे पशुपालक होती, त्यांना रस्ते, पशुवैद्य आणि बाहेरची मांसाची बाजारपेठ स्वतःसाठीच हवी होती, हे कारण जास्त खरं वाटतं. थोरपणाबरोबर थोडा स्वार्थही होता.

आता कडू भाग. तिजोरी स्वच्छ ठेवली म्हणून दुसरा धंदा आपोआप उभा राहत नाही. निर्यातीत आजही सुमारे ८० टक्के हिरेच. विषमता जगातल्या सर्वांत जास्त असलेल्या देशांत गणली जाते, तरुणांना काम नाही. प्रयोगशाळेत बनणारे हिरे स्वस्त झाले आणि खाणीच्या हिऱ्यांचा बाजार बसला, तेव्हा सगळं एकदम उघडं पडलं. २०२४च्या निवडणुकीत ५८ वर्षं सत्तेत असलेला पक्ष ४ जागांवर आला. मावळत्या राष्ट्राध्यक्षांनी अंतिम निकालाची वाट न बघता हार मान्य केली, हे श्रेय मात्र द्यायलाच हवं. पण नवे राष्ट्राध्यक्ष डुमा बोको यांच्या हाती आली ती आटलेली तिजोरी. ऑगस्ट २०२५मध्ये सरकारी दवाखान्यांतली औषधं संपत आली म्हणून त्यांना आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली, आणि वाटपावर देखरेखीला लष्कर बोलवावं लागलं.