विद्यापीठात नवीन रुजू झालोय. कार्यालयातल्या गप्पांपासून लांब राहावं की मिसळावं?

तुम्ही लिहिलंय की महिन्याभरापूर्वी कोल्हापुरात विद्यापीठात कनिष्ठ सहायक म्हणून रुजू झालात, गाव साताऱ्याकडचं, इथं ओळखीचं कुणी नाही. पहिल्याच दिवशी कुणीतरी बाजूला घेऊन सांगितलं, "इथं भिंतीला कान आहेत, बातमी वाऱ्यासारखी पळते, कुणात मिसळू नका." तेव्हापासून तुम्ही डबा आपल्याच टेबलावर, फायली बाजूला सारून एकट्यानं खाता. हे बरोबर चाललंय का, असं तुम्ही विचारलंय.

बरोबर नाही. उद्या डबा उचला आणि चौघांत जाऊन बसा. सांगणाऱ्यानं तुमच्या भल्यासाठीच सांगितलं असेल, पण त्याचं ऐकून तुम्ही स्वतःचं नुकसान करून घेताय.

मी सत्तावीस वर्षं हेच काम करतेय. आधी एका महाविद्यालयाच्या कार्यालयात होते, नंतर विद्यापीठात आले. सुरुवात आवक-जावकला झाली, त्यामुळे कागद कसा फिरतो आणि कागदाच्या आधी बातमी कशी फिरते, हे दोन्ही जवळून पाहिलंय.

शिवाजी विद्यापीठाचा परिसर ८५३ एकरांचा आहे. मुख्य इमारतीत बसणाऱ्याला परीक्षा विभागात काय गडबड चाललीय ते दिसत नाही, आणि अधिविभागातल्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माणसाचा मुख्य इमारतीशी संबंध पगारबिलापुरता. काम तर कोल्हापूर, सांगली, सातारा अशा तीन जिल्ह्यांचं. २००४ पर्यंत सोलापूरही इकडंच होतं, म्हणून जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून 'सोलापूरचं टपाल' येतं. एवढ्या पसाऱ्यात एका माणसाची खबर दुसऱ्याला कशी लागणार? टपाल वही घेऊन फिरणारे मामा ती नेतात, चहाची वेळ नेते, संध्याकाळी केएमटीच्या, म्हणजे शहर बसच्या, थांब्यावर उभी राहणारी माणसं नेतात. याला कुचाळकी म्हणायची आपल्याला सवय लागलीय. कुचाळकीही असते त्यात, मी नाही म्हणत नाही. पण बहुतेक वेळा ती एकमेकांची विचारपूसच असते. "कुठल्या गावचं तुम्ही? घर नदीपासनं किती लांब?" असले प्रश्न तुम्हाला आज आगाऊपणाचे वाटतील.

त्या प्रश्नांची किंमत मला २०१९ च्या ऑगस्टमध्ये कळली. कोल्हापुरात पावसाळ्यात सकाळी कार्यालयात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न असतो, "बंधारा किती फुटांवर?" म्हणजे पंचगंगेवरचा राजाराम बंधारा. ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ ला धोका पातळी. दुसरा प्रश्न, "राधानगरीचे दरवाजे किती उघडले?" कारण ते सात दरवाजे स्वयंचलित आहेत, धरण भरलं की आपोआप उघडतात, आणि ते पाणी खाली यायला वेळ लागतो. तुम्ही बाहेरून आलाय, तुम्हाला हे आकडे हवापाण्याच्या गप्पा वाटतील. ज्याचं घर नदीकाठच्या चिखलीत किंवा आंबेवाडीत आहे त्याला विचारा.

त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला, सांगलीकडचे लोक तिकडंच अडकले, शिरोळ तालुक्यातले तर कुठं आहेत तेच कळेना. शहरात चहूकडे पाणी आणि नळाला थेंब नाही, कारण उपसा केंद्रंच बुडाली होती. विद्यापीठ माळावर, उंचावर असल्यानं इथं पाणी येण्याचा प्रश्न नव्हता. जे पोचू शकत होते ते येत होते, पण काम कुणाला सुचत नव्हतं.

आमच्यातल्या एका वयस्क दफ्तरी काकांनी एक पाठकोरा कागद घेतला आणि पट्टीनं रेघा मारून चार रकाने पाडले. नाव, गाव, कुणाकडनं खबर, कधी लागली. मग एकेक नाव घेत गेले आणि सगळे बसल्या जागेवरून सांगत गेले. "त्याची बहीण कागलला असते, तिचा नंबर माझ्याकडं हाय." "मॅडमचं माहेर शिरोळ, पण भाऊ जयसिंगपुरात दुकानात असतो, त्याला लावा." "ते घर सोडणार न्हाईत, त्यांच्याकडं दोन म्हशी हायत." संध्याकाळपर्यंत कागदावरची निम्मी नावं लागली. दुसऱ्या दिवशी तोच कागद पुन्हा टेबलावर आला. चौथ्या दिवशी एकच रकाना मोकळा राहिला होता, आणि तो भरला तेव्हा काकांनी पेन खाली ठेवून चष्मा पुसला. पाण्याच्या वेढ्यातून बोटीनं बाहेर काढलेला तो आमचा रोजंदारीवरचा मुलगा होता.

ती सगळी माहिती कुठल्याही सेवापुस्तकात नव्हती. कुणाची बहीण कुठं दिली, कुणाकडं म्हशी किती, हे डबा खाताना कळलेलं होतं. जो माणूस एकट्यानं डबा खात होता त्याच्या नावापुढं काय लिहायचं, हे आम्हाला कुणाला सांगता आलं नाही. त्याच्या घरमालकाला शोधण्यात अख्खा दिवस गेला. म्हणून मी एवढ्या पोटतिडकीनं सांगतेय.

आता दुसरी बाजू. मिसळा, पण बातमी नेणारं तोंड होताना शंभरदा विचार करा. हे मी स्वतः चूक करून शिकलेय.

महाविद्यालयात असतानाची गोष्ट. संस्थेकडून पदोन्नतीची यादी यायची होती. आमच्यात एक वरिष्ठ लिपिक होते, फार मितभाषी, अक्षर मोत्यासारखं. मुख्य लिपिकाच्या जागेवर तेच जाणार, असं सगळे धरून चालले होते. एका सकाळी मला कुणीतरी सांगितलं की यादी झाली, त्यांचं नाव आहे. मी कागद पाहिला नव्हता, सही पाहिली नव्हती. आनंद इतका झाला की तशीच त्यांच्या टेबलापाशी गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "सर, पेढे कधी?" ते आधी गप्प राहिले, मग पहिल्यांदाच मी त्यांना मोकळं हसताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कंदी पेढ्यांचा खोका आणला. त्यांच्या मंडळींचं माहेर तुमच्याच साताऱ्याचं, मुद्दाम मागवलेले होते. यादी हातात आली की वाटायचे म्हणून खोका दोरीसकट खालच्या खणात ठेवला.

चार वाजता यादी आली. त्यात त्यांचं नाव नव्हतं. सेवाज्येष्ठतेत त्यांच्यावर आणखी एक जण होते, आणि बिंदुनामावलीप्रमाणे, म्हणजे आरक्षणाच्या क्रमवारीप्रमाणे, ती जागा त्यांनाच जाणार होती. यादीत चूक काहीच नव्हती. चूक माझी होती. त्या संध्याकाळी सरांनी खण उघडला, खोका काढला आणि कॅन्टीनच्या पोराच्या हातात दिला, "वाट सगळ्यांना" एवढंच म्हणाले. घरी ते काय बोलले असतील, गावी ज्यांना कळवलं होतं त्यांना काय सांगितलं असेल, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. माफी मागितली तेव्हा "तुमचं मन चांगलं होतं" म्हणाले. त्यांच्या या बोलण्यानं मला जास्तच लागलं. तेव्हापासून पदोन्नती, बदली, चौकशी, पगार यांतलं काहीही कागद डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी तोंडातून काढत नाही. आणि पाहिला तरी ज्याच्याबद्दल आहे त्याच्या आधी दुसऱ्याला सांगत नाही.

कागद पाहायचा म्हणजे काय पाहायचं, तेही सांगते, कारण आता सगळं मोबाइलवर फोटोत येतं. परिपत्रक असेल तर जावक क्रमांक, दिनांक आणि सही बघा. क्रमांकाची जागा मोकळी असेल तर तो मसुदा आहे, निर्णय नाही. शासन निर्णय असेल तर शेवटच्या परिच्छेदात 'संकेतांक' म्हणून अठरा आकडे असतात, त्यातले पहिले आठ म्हणजे वर्ष, महिना, दिवस. तो संकेतांक शासनाच्या संकेतस्थळावर टाकला की निर्णय उघडतो. उघडला नाही तर पुढं पाठवू नका. महागाई भत्त्याचे खोटे कागद वर्षातून दोनदा हमखास फिरतात, कारण दर जानेवारी आणि जुलैपासूनची वाढ देय असते आणि आदेश मात्र नंतर कधीतरी निघतो. मधल्या काळात माणसं आशेवर असतात. आशेवर असलेल्या माणसाला खोटा कागद दाखवणं हे माझ्या त्या पेढ्यांसारखंच आहे.

पेन्शनचा विषय निघाला की आधी ऐकून घ्या. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेले आणि नंतर लागलेले एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसतात. काम तेच, पण म्हातारपणाचा हिशोब वेगळा: आधीच्यांना जुनी, ठरलेली पेन्शन, नंतरच्यांना पगारातून कापलेल्या वर्गणीवरची. मी आधीची, तुम्ही नंतरचे. मार्च २०२३ मध्ये १४ ते २० तारखेपर्यंत राज्यभर संप झाला, "एकच मिशन, जुनी पेन्शन" म्हणत. माझ्या पेन्शनला धक्का नव्हता, तरी मी त्यात होते, कारण शेजारच्या टेबलावरच्या मुलीच्या पेन्शनचा प्रश्न होता. नव्या माणसानं या विषयावर घाईनं मत देऊ नये. दोन वर्षं ऐका, मग तुमचं तुम्हालाच कळेल.

दुःखाची बातमी मात्र वाट न पाहता नेण्याची आहे. कोल्हापुरात सहकाऱ्याच्या घरी कुणी वारलं की पहिला प्रश्न "माती कधी?" आणि लगेच दुसरा, "रक्षाविसर्जन कधी?" तिकडं तुमच्यात सावडणं म्हणत असतील. इथं रक्षाविसर्जनाला जाण्याला फार मान आहे. मातीला पोचता आलं नाही तर चालतं, पण रक्षाविसर्जनाला कार्यालयातलं कुणीच दिसलं नाही, तर घरची माणसं ते वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. सकाळी लवकर एखादी गाडी ठरते, सात-आठ जण बसतात, गारगोटीकडं किंवा पन्हाळ्याच्या बाजूला जाऊन येतात आणि परत येऊन कामाला लागतात. "गाडीत जागा हाय, येताय काय?" असं तुम्हाला कुणी विचारलं तर माणूस ओळखीचा नसला तरी जा. तिथं काही बोलायचं नसतं. नुसतं उभं राहायचं, हात जोडायचे. येताना त्या गाडीत जेवढी ओळख होते तेवढी वर्षभर शेजारी बसून होत नाही.

एका बाबतीत अंतर ठेवा. जुनी माणसं तुम्हाला लवकरच पतसंस्थेचं सभासद व्हा म्हणतील. जरूर व्हा, अडीअडचणीला तीच उपयोगी पडते. पण पहिली दोन-तीन वर्षं कुणाच्या कर्जाला जामीन राहू नका. "घरी वडिलांना विचारून सांगतो" म्हणा, इथं त्याचा कुणाला राग येत नाही. हप्ते थकले की वसुली जामीनदाराच्या पगारातून होते, आणि मग दोन चांगल्या माणसांचं बोलणं कायमचं तुटतं. असं तुटलेलं मी तीनदा पाहिलंय.

आणि ३१ मेची तारीख लिहून ठेवा. आपल्याकडं जुन्या पिढीतल्या पुष्कळ लोकांची जन्मतारीख १ जून लागलेली आहे. शाळेत नाव घालताना खरी तारीख आईबापाला माहीत नव्हती, मग गुरुजींनी शाळेच्या हिशोबानं तीच लिहिली. ज्याचा जन्म एक तारखेचा, तो आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून ३१ मेला आमच्याकडं एकदम बरीच माणसं जातात. लिपिक अठ्ठावन्नाव्या वर्षी, शिपाई मंडळी साठाव्या वर्षी. शाल, श्रीफळ, फेटा, भाषणं होतात. टपाल वही घेऊन तीस वर्षं जिने चढलेले मामा त्या दिवशी पहिल्यांदा पुढच्या खुर्चीत बसतात, शेजारी नवी साडी नेसलेल्या मामी, आणि हातातला गुच्छ कुठं ठेवायचा ते दोघांनाही कळत नाही.

त्या दिवशी खुर्च्या मांडायला माणसं कमी पडतात, कारण परीक्षेचा हंगाम असतो आणि अर्धे लोक निकालाच्या कामात अडकलेले असतात. तुम्ही नवे आहात, कुणी तुम्हाला सांगणार नाही. न सांगता दुपारी तीनला जा, खुर्च्या लावायला हात द्या, आणि कार्यक्रम झाल्यावर मामांना त्यांच्या गाडीपर्यंत पोचवून त्यांचा घरचा पत्ता विचारून घ्या.