पाहुणे येणार म्हटले की छातीत धडधडते

एप्रिल सरत आला की समुपदेशक म्हणून माझ्याकडे एक तक्रार हमखास येते, आणि ती सांगताना आवाज हटकून खाली जातो. "मॅडम, मला माणसे नकोशी झालीत असे नाही हो, पण पाहुणे येणार म्हटले की छातीत धडधडते." मुंबईतली लहान घरे, ठरावीक वेळेला येणारे पाणी आणि मे महिन्यातला घामट उकाडा या अडचणी खऱ्याच आहेत. तरीही याच अडचणींत काही घरे पाहुण्यांच्या गजबजाटाने खुलतात आणि काही घरांतली गृहिणी पार कोमेजते, हे मी अनेक वर्षे पाहते आहे.

भांडुपच्या सुमतीताई (नाव आणि तपशील बदलले आहेत) अशाच आल्या. नणंद, तिचे यजमान आणि दोन मुले सांगलीहून दहा दिवसांसाठी येणार होती. आदल्या मे महिन्यातला एक दिवस मी त्यांना सविस्तर सांगायला लावला. पहाटे पाणी भरणे, पुऱ्या, आमरस, डबे आणि मग भर दुपारी सगळ्यांना घेऊन राणीची बाग. तो नेमका बुधवार होता आणि बाग बंद! फाटकापाशी उभे असताना आपल्याला रडू आले, असे त्या म्हणाल्या.

"नणंदेने राणीची बाग पाहायची म्हटले होते का?"

"नाही. ती म्हणाली होती, वहिनी, आज जरा घरीच बसू या."

"मग?"

"पण पाहुण्यांना फिरवायला पाहिजेच ना!"

या 'पाहिजेच'मधल्या 'च'पाशी मी नेहमी थांबते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर माझी घडण झाली आहे. पाहुण्यांचे चांगले व्हावे ही इच्छा आणि ते माझ्याच हातून, काही न चुकता व्हायलाच हवे हा हट्ट, यांतल्या दुसऱ्याने माणूस पिचतो, असे मी मानते. सुमतीताईंना हे पटत होते, पण उतरत नव्हते. तीन भेटी अशाच गेल्या.

चौथ्या भेटीत मी विचारले, "लहानपणी तुम्ही कुणाच्या पाहुण्या होतात?" त्यांचा चेहरा उजळला. कणकवलीजवळचे आजोळ. ओटीवर पोते अंथरून आजी फणस फोडायची. मग मामी, मावश्या, मुले, सगळी हातांना खोबरेल लावून भोवती बसायची. मोठ्यांनी गरे काढायचे, पोरांनी आठळ्या वेगळ्या करायच्या, आणि चीक केसाला लागला की आरडाओरडा.

"म्हणजे पाहुणे काम करायचे?"

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "आम्ही पाहुणे आहोत असे वाटलेच नाही कधी."

मीही त्या क्षणी काही शिकले. आजीची सरबराई आठवणीत ठेवून सुमतीताई तिचा कित्ता गिरवत होत्या, पण आजीने पाहुण्यांना हाताशी घेतले होते, हे त्या विसरल्या होत्या. आजोळची ती ओटी इथे उरली नाही आणि पाहुणा सोफ्यावर बसून नुसता पाहत राहिला. त्यालाही ते अवघडच जाते. तेव्हापासून हा प्रश्न मी प्रत्येकीला विचारते आणि तो सहसा वाया जात नाही.

पुढचे सोपे होते. नणंदेला फोन करून काय पाहायचे आहे ते आधीच विचारायचे. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात आणि गेटवेहून लाँचला सुमारे तासभर लागतो, म्हणून सोमवार टाळायचा आणि तिथे जायच्या दिवशी दुसरा बेत नको. उन्हाच्या दिवसांत बाहेर पडायचे ते सकाळी लवकर किंवा पाचनंतर, आणि पोरे बरोबर असताना लोकलची गर्दीची वेळ टाळायची. एक दिवस आड पूर्ण मोकळा ठेवायचा. खर्चाचा अंदाज आधी नवऱ्याशी बोलायचा. बहीण त्याची आहे, तेव्हा दोन दिवस रजा त्यानेही काढावी.

जूनमध्ये सुमतीताई आल्या तेव्हा त्यांनी मोबाइलवरचा एक फोटो दाखवला. स्वयंपाकघराच्या फरशीवर नणंद आणि तिचे यजमान आंबे पिळत बसले होते, भाचीच्या कोपरापर्यंत रस ओघळला होता आणि कडेला, भिंतीला टेकून, सुमतीताई चहा पीत होत्या. जावयाला कामाला लावले म्हणून सासूबाई मात्र दोन दिवस बोलल्या नाहीत. त्याविषयी आमच्या भेटी अजून चालू आहेत.