कॅप्टनला विचारा : रामरक्षेच्या दुसऱ्या श्लोकाला लागलेला ब्रेक

प्रश्न : मुलीकडे बंगळुरूला निघाले होते. विमान धावायला लागलं, मी डोळे मिटून रामरक्षा सुरू केली आणि दुसऱ्या श्लोकाला असा काही ब्रेक लागला की पर्स पुढच्या सीटखाली गेली. ‘तांत्रिक कारण’ एवढंच सांगून दीड तास आत बसवून ठेवलं, पाणीसुद्धा मागून घ्यावं लागलं. शेजारचे गृहस्थ म्हणाले, पायलट नवखा आहे, घाबरला. खरंच असं होतं का? ऐन उडताना काही बिघडलं तर आत काय करतात? पुढच्या वेळी सरळ रेल्वेने जाऊ का?
– एक निवृत्त शिक्षिका, खारघर

उत्तर : बाई (शिक्षिका होतात, म्हणून बाईच म्हणतो), शेजारच्या गृहस्थांचं मनावर घेऊ नका. दुसरा श्लोक म्हणजे पंधरा-वीस सेकंद झाले असतील. विमान शंभर नॉटच्या आसपास, म्हणजे ताशी 185 किलोमीटरला असणार. तो हिसका बहुधा पायलटच्या पायाचा नव्हताच. टेकऑफआधी आम्ही ऑटोब्रेक लावूनच ठेवतो. ठरावीक वेगानंतर थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारे दांडे) मागे ओढले की यंत्रच पूर्ण ताकदीने ब्रेक दाबतं. मग चाकं इतकी तापतात की त्यात वितळणारी बुचं बसवलेली असतात. टायर फुटण्याऐवजी हवा हळूहळू निघून जावी, म्हणून. तुमचा दीड तास बराचसा चाकं गार होण्यात गेला असेल. पाणी मात्र न मागता द्यायला हवं होतं.

थांबायचं कधी, हे धावताना ठरवत नाहीत. धावपट्टीवर जाण्याआधी दोघं पायलट ते एकमेकांना मोठ्याने म्हणून दाखवतात, रोज, पाढ्यासारखं. मी उडवायचो त्या बोइंगवर ऐंशी नॉटच्या आत जवळपास कशासाठीही थांबायचं. त्यानंतर फक्त आग, इंजिन बंद पडणं, पुढे वाऱ्याचा धोकादायक झोत असल्याचा इशारा किंवा विमान उडणारच नाही अशी शंका, एवढ्यासाठीच. आणि ‘व्ही-वन’ हा वेग आला की थांबणं बंद. त्यानंतर ब्रेक मारला तर उरलेली धावपट्टी पुरेलच असं नाही. हा वेग वजन, उष्मा, वारा बघून दर वेळी नव्याने काढतात. जुलैत धावपट्टी ओली असली की तो सहसा खाली येतो. म्हणून व्ही-वनला कॅप्टन थ्रॉटलवरचा हात काढून घेतो. मोह नको.

हे मला पुस्तकापेक्षा एका खिडकीने शिकवलं. तेव्हा मी को-पायलट होतो. बोइंग 737 मध्ये आमच्या बाजूच्या खिडक्या मागे सरकवून उघडता येतात. माझ्या खिडकीचा खटका नीट बसलेला नव्हता, आणि तो बघणं माझंच काम होतं. एकशे दहा नॉटला खिडकी मागे सरकली. पूर्वी फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यातून जायच्या तेव्हा दारात उभं राहिल्यावर जो आवाज व्हायचा ना, तो थेट कानात. मांडीवरची लोडशीट, म्हणजे विमानातल्या वजनाच्या हिशेबाचा कागद, उडाली. हात आपोआप खिडकीकडे गेला. कॅप्टनने मान न वळवता ओरडून सांगितलं, “खिडकी राहू दे! वेग वाच!” मी घसा ताणून आकडे वाचत राहिलो. व्ही-वन, त्यांचा हात सुटला, नाक वर. वर जाऊन वेग स्थिर झाल्यावर मी खिडकी ओढून लावली. उघड्या खिडकीने विमान उडायचं थांबत नाही, फक्त कान किटतात. लोडशीट कॉकपिटमधल्या मागच्या जादा सीटखाली सापडली. कॅप्टन त्यावर नंतर एक शब्द बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

याच्या उलट गोष्ट स्पेनमधल्या मालागाची. 13 सप्टेंबर 1982, डीसी-10 विमान. पुढच्या चाकाच्या टायरचा पापुद्रा निघाला, विमान जोरात थरथरायला लागलं. नाक उचलायचा वेग झाला होता, तरी कॅप्टनने थांबायचं ठरवलं. विमान धावपट्टीबाहेर गेलं, पेटलं, 50 माणसं गेली. त्या कॅप्टनला मी दोष देत नाही. तशी थरथर मी कधी अनुभवलेली नाही.

हवेत गेल्यावर एखादं इंजिन बंद पडलं तरी चारशे फुटांपर्यंत आम्ही चाकं आत घेतो आणि विमान सरळ ठेवतो, बस्स. इतर खटक्यांना हात नाही. घाईत चुकून बिघडलेल्याऐवजी चांगलं इंजिन बंद केलेले लोक होऊन गेलेत. आमचे एक इन्स्ट्रक्टर म्हणायचे, “काही बिघडलं की आधी घड्याळाला चावी दे.” तेव्हा कॉकपिटमध्ये चावीची घड्याळं असत.

रेल्वे आवडत असेल तर खुशाल जा, पण त्या ब्रेकसाठी नको. विमानाने गेलात तर रामरक्षा त्याच संथ लयीत म्हणा. पाचवा श्लोक सुरू व्हायच्या आत चाकं जमिनीवरून सुटलेली असतील. मोजून बघा आणि मला कळवा.