मावसभावाच्या क्रेडिट कार्डावर ग्राफिक्स कार्ड घ्यावं का?

धरणगावच्या एका वाचकाने विचारलंय:

‘मी २४ वर्षांचा. जळगाव एमआयडीसीत डाळ मिलमध्ये अकाउंट्स बघतो, रेल्वेने अप-डाऊन करतो. हातात १८,५०० येतात. घरी ८,००० देतो, मोटारसायकलचा हप्ता २,९००, आरडी २,०००, पास-मोबाइल-चहापाणी मिळून ३,०००. बचत खात्यात ५२,००० आहेत. माझा गेमिंग कॉम्प्युटर २०१७चा आहे: आय५-७४०० प्रोसेसर, ८ जीबी रॅम, जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड. नवे गेम ओढत नाही. लग्नसराईत व्हिडिओ एडिटिंगही करतो, मागच्या सीझनला चार कामांचे १०,००० मिळाले. पुण्याचा मावसभाऊ त्याच्या क्रेडिट कार्डावर नवं ग्राफिक्स कार्ड, आरटीएक्स ४०६०, घेऊन द्यायला तयार आहे, ३१,००० रुपये, बारा महिने, नो-कॉस्ट ईएमआय. नाशिकचा एक जण जुनं आरएक्स ५८० साडेसहा हजारांत देतोय. जळगावच्या गोलाणी मार्केटला नवं आरटीएक्स ३०५० सहा जीबी १७,५०० आणि आरएक्स ६६०० साडेवीस हजार सांगितलं. वडील म्हणतात, “ते डबडं ईकी टाक.” काय करू?’

भाऊ, आकडे स्वतःहून लिहून पाठवलेत हे बरं केलंत. निम्म्या पत्रांत पगार नसतो, फक्त इच्छा असते.

तुमचं घर, हप्ता, आरडी आणि वरखर्च यांची बेरीज १५,९००. हातात उरतात २,६००. मावसभावाच्या कार्डावरचा हप्ता बसतो २,५८३. म्हणजे वर्षभर दर महिन्याला शिल्लक १७ रुपये. एवढ्यात जळगाव स्टेशनबाहेर धड पोहे-चहासुद्धा होत नाही.

आता ते ‘नो-कॉस्ट’ प्रकरण. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलंय. होतं असं, की व्याजाइतकी सूट आधी किमतीतून कापतात आणि मग बँक तेवढंच व्याज हप्त्यात लावते. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी मात्र तुमच्याच खिशातून जातो. व्याजदर १६ टक्के धरला, तर ३१,००० मध्ये साधारण अडीच हजार व्याज, त्यावर साडेचारशेच्या आसपास जीएसटी, वर प्रोसेसिंग फी दोनशे-अडीचशे. सगळं मिळून सातशे रुपये. खरं सांगायचं तर सातशे रुपयांसाठी मी कुणाला अडवणार नाही. आणि रोख घेतलं तर दुकानदार थोडे कमी करतो, ते यात धरलेलेच नाहीत.

माझा आक्षेप आहे तो क्रेडिट कार्ड कुणाच्या नावाचं यावर. हप्ता तुम्ही भरणार, पण बँकेच्या लेखी कर्जदार मावसभाऊ. एखाद्या महिन्यात मिलचा पगार १२ तारखेला झाला आणि त्याच्या बिलाची तारीख ८ असली, की एक तर तो स्वतःचे घालतो किंवा बिल अर्धवट राहतं. अर्धवट राहिलं तर क्रेडिट कार्डाचं व्याज महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांनी, म्हणजे वर्षाला चाळीसच्या घरात जातं. तेही नुसत्या तुमच्या हप्त्यावर नाही, त्याच्या त्या महिन्याच्या बाकी खरेदीवरसुद्धा, कारण बिनव्याजी मुदत सगळ्याच खर्चावरची जाते. सिबिल खराब होणार त्याचा. उद्या त्याला पुण्यात फ्लॅटचं कर्ज काढायचं असेल, तेव्हा तुमच्या गेमचा हप्ता त्याच्या आड येईल. तो बिचारा तोंडाने काही बोलणार नाही. मावशी बोलेल, आणि तेही आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सगळे जमल्यावर. शिवाय बारा हप्ते वेळेवर भरलेत तरी त्याची नोंद तुमच्या नावावर कुठेच होत नाही. जोखीम त्याची, शिस्त तुमची आणि क्रेडिट हिस्ट्री सुधारली तर तीही त्याचीच. हा पर्याय सोडा.

५२,००० पूर्ण मोकळे आहेत असंही समजू नका. नोकरी गेली तरी घर, हप्ता आणि तुमचा खर्च थांबत नाही. ते महिन्याला १३,९००. तीन महिन्यांचे ४१,७०० बाजूला राहिलेच पाहिजेत. घरात कपाशी आहे की नाही हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण असेल तर तीनचे चार महिने करा. दवाखान्याचं काय हेही पत्रात नाही. पगारपत्रकात ०.७५ टक्के ईएसआयसीची (कामगार राज्य विम्याची) कपात दिसते का बघा. पगार २१,०००च्या आत असेल तर ती असायला हवी, आणि आई-वडील तुमच्यावर अवलंबून असतील तर त्यांचीही नावं त्यात घालता येतात. हे काम ग्राफिक्स कार्डाच्या आधी करा.

तर आज तुमचं बजेट १०,३०० रुपये. आखाजीला पाच महिने आहेत, तोवर महिन्याला २,६०० टाकत गेलात तर १३,००० आणखी. एकूण २३,३००. आरडीला हात न लावता.

आता मशीनकडे येऊ. तुमची मागणी चैनीची आहे असं मी म्हणत नाही. १०५० टीआय २०१६चं कार्ड, ४ जीबी मेमरी. ऑक्टोबर २०२५ पासून एनव्हिडियाने त्या पिढीला नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) देणंही थांबवलंय, फक्त सुरक्षेपुरते अपडेट येत राहतील. पण अडतंय ते कार्डामुळेच का, हे पैसे मोजायच्या आधी तपासा. त्याला एक रुपया लागत नाही. जो गेम अडखळतो तो लावा, एफपीएस (सेकंदाला किती चित्रं उमटतात तो आकडा) बघा. मग सेटिंगमध्ये रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा आणि तीच जागा पुन्हा खेळा. एफपीएस चांगले वाढले तर कार्ड कमी पडतंय. जवळजवळ तेवढेच राहिले तर प्रोसेसर दमलाय, आणि मग ४०६० लावा नाहीतर आणखी काही, फरक पडणार नाही. आय५-७४०० मध्ये चार कोअर आणि चारच थ्रेड आहेत, म्हणजे एका वेळी तो चारच कामं ओढतो. व्हॅलोरंटसारखे गेम तर मुळातच प्रोसेसरवर चालतात. मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर ६०च्या वरचे एफपीएस तुम्हाला दिसणारच नाहीत, त्यामुळे ४०६० तिथेही निम्मं वाया.

एडिटिंगचं कारण तुम्ही पत्रात पुढे केलंत, ते मला पटलं नाही. कार्डाने रेंडर (तयार व्हिडिओची फाइल बनणं) तीन तासांवरून एका तासावर आलं, समजा. पण लग्नाचा व्हिडिओ तुम्ही रात्री लावून झोपता. वाचलेल्या दोन तासांचे पैसे कोण देणार आहे? गिऱ्हाईक अडीच हजार देतं ते व्हिडिओचे, तुमच्याकडे कुठलं कार्ड आहे हे ते विचारत नाही. खरा अडथळा ८ जीबी रॅम आहे. टाइमलाइनवर दोन कॅमेऱ्यांचं फुटेज टाकलं की मशीन गुदमरतं ते त्यामुळे. आणखी एक गोष्ट करून बघा. आपल्याकडे बहुतेक लग्नाची एडिटिंग एडियस या सॉफ्टवेअरवर होते, तुमचीही होत असेल तर ती फाइल बाहेर काढताना इंटेल प्रोसेसरमधल्या अंगभूत ग्राफिक्सची, क्विक सिंकची, मदत घेते. वेगळं कार्ड लावलेल्या मशीनमध्ये हे अंगभूत ग्राफिक्स बऱ्याचदा बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) बंद असतं. चालू करा, इंटेलचा ड्रायव्हर टाका. फुकटात काम होईल. ८ जीबीची दुसरी स्टिक यंदाच्या पहिल्या लग्नाच्या पैशातून घ्या. २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढलेत, तेव्हा जुन्या मशीनमधून काढलेली डीडीआर४ रॅम चालेल. दोन हजारांपर्यंत मिळाली तर घ्या, त्यावर नको.

नाशिकच्या आरएक्स ५८० बद्दल. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग (ग्राफिक्स कार्डं सतत राबवून ते चलन मिळवणं) बंद झालं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं ढिगाने बाजारात आली. ५८० त्यातलं अगदी लाडकं कार्ड. शिवाय त्याच नावाने दोन माल फिरतात, एक पूर्ण २,३०४ शेडरचं (शेडर म्हणजे कार्डातले चित्राचं गणित करणारे छोटे भाग) आणि एक २,०४८ वालं, कमी ताकदीचं. जीपीयू-झेड नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर हा आकडा दाखवतं. विकणाऱ्याला त्याचा स्क्रीनशॉट आणि अर्धा तास गेम चालतानाचा व्हिडिओ मागा. टाळाटाळ केली तर समजून जा. कार्ड खातं १८५ वॉट. तुमच्याकडे घरगुती ६०० व्हीएचा यूपीएस असेल तर तो साधारण ३६० वॉटपर्यंत झेपतो. प्रोसेसर, कार्ड, मॉनिटर मिळून तुम्ही सव्वातीनशेवर जाल, आणि लाइट गेली की गेम सेव्ह करायलाही वेळ मिळणार नाही. विजेचं बिल गोलाणीतल्या आरएक्स ६६०० कार्डापेक्षा जास्त येईल, पण रोज तीन तास खेळलात तरी महिन्याला पावणेपाच युनिटच जास्त, त्याची चिंता नको. चिंता मे महिन्याची करा. आपल्या भागात पारा ४४-४५ वर जातो, पत्र्याच्या किंवा धाब्याच्या खोलीत आणखी वर, आणि मायनिंगमध्ये राबलेल्या कार्डाचे पंखे आणि सुकलेली थर्मल पेस्ट तेव्हाच दगा देतात. वॉरंटी नाही. नाशिकला जाऊन, समोर लावून बघणार असाल आणि साडेसहाचे पाच करत असेल तर विचार करा. यूपीआयने आगाऊ पैसे पाठवून कुरिअरची वाट बघणार असाल तर बिलकूल नाही.

राहिली गोलाणीतली दोन. ३०५० घेताना सावध राहा, सहा जीबी आणि आठ जीबी ही एकाच नावाची दोन वेगळी कार्डं आहेत. सहावालं कमजोर आहे. त्याचा एकच मोठा गुण: ७० वॉटमध्ये चालतं, वेगळी वायर लागत नाही, म्हणून साधा पॉवर सप्लायही ते सांभाळतो. आरएक्स ६६०० त्याच्यापेक्षा स्पष्टपणे जलद आहे, ८ जीबी मेमरी, १३२ वॉट. पण त्याला आठ पिनची वायर लागते, आणि ते बनवणारी एएमडी कंपनी किमान ४५० वॉटचा पॉवर सप्लाय सांगते. तुमच्या कॅबिनेटमध्ये कॅबिनेटसोबतच आलेला लोकल सप्लाय असेल तर त्याच्यावर ‘४५०’ छापलंय म्हणून विश्वास ठेवू नका. चांगला, ब्रॉन्झ दर्जाचा साडेतीन हजारांपर्यंत येतो. एखादा दुकानदार आरएक्स ६५०० एक्सटी नावाचं कार्ड स्वस्त म्हणून गळ्यात मारायला बघेल. ते चारच जीबीचं आहे आणि तुमच्यासारख्या जुन्या बोर्डावर आणखी मंदावतं, नको म्हणा.

माझं मत ६६०० च्या बाजूने आहे, आणि ते गेमच्या वेगासाठी नाही. तुमच्या कॉम्प्युटरचं आयुष्य आता फार नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि तुमचा सातव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही. दोन-तीन वर्षांत बोर्ड, प्रोसेसर, रॅम बदलावे लागणारच. तेव्हा पैसे अशाच भागावर घाला जो काढून पुढच्या मशीनमध्ये बसवता येईल. कार्ड आणि पॉवर सप्लाय हे असे भाग आहेत. कुणी ‘आय७-७७०० टाक, भारी चालेल’ म्हणालं तर ऐकून सोडून द्या, तो पैसा याच बोर्डात अडकून पडतो.

हिशोब: कार्ड २०,५०० आणि सप्लाय ३,५००, चोवीस हजार. आखाजीपर्यंत तुमच्याकडे २३,३००. कमी पडणारे ७०० जुन्या १०५० टीआयच्या विक्रीतून निघतील, वर काही उरतीलही. सप्लाय आधी घ्या, तो आजच्या १०,३०० मध्ये बसतो आणि सध्याच्या मशीनलाही उपयोगी आहे.

तुम्ही म्हणाल, मेमरी महागतेय, पाच महिन्यांत कार्डही महागलं तर? महागू शकतं. दोन-तीन हजारांनी वाढलं तर लग्नाचं आणखी एक काम घ्या किंवा एक महिना थांबा. पण या भीतीपोटी तीन महिन्यांच्या राखीव रकमेतून उचलू नका. आणि भाव २५,००० च्या वर गेला तर तेव्हा ३०५० सहा जीबीचा भाव पुन्हा विचारा, मग ते बरं ठरू शकेल.

वडिलांना सांगा, डबडं विकून आज कॅबिनेटचे आठ-दहा हजार येतील आणि लग्नाची कामं बंद होतील, म्हणजे एका सीझनमध्येच ते पैसे परत गेले. मात्र मागच्या सीझनचे १०,००० कुठे गेले, हे त्यांनी विचारलं तर उत्तर तयार ठेवा. तुमच्या पत्रात मला ते कुठे सापडले नाहीत. यंदा ते वेगळ्या खात्यात ठेवा.

खरेदी करताना जीएसटीचं पक्कं बिल घ्या, बिलावर कार्डाचा सीरियल नंबर लिहून घ्या आणि खोक्याचा फोटो काढून ठेवा. ‘बिल नको असेल तर दीड हजार कमी करतो’ असं कुणी म्हणालं, तर वॉरंटीसाठी उद्या त्याच्याच दारात उभं राहावं लागणार आहे हे लक्षात घेऊन उत्तर द्या.